काळा धूर निघाला की इथेनॉलला शिव्या घालण्याआधी प्लग काढून बघा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मध्यंतरी जुन्या गाडीवाल्यांच्या तक्रारी आल्या होत्या, गाडी मिसिंग करते (मधेच एखादा सिलिंडर पेटत नाही), अ‍ॅव्हरेज पडलं, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, आणि सगळ्यांचं बोट एकाच जागी, ई-ट्वेंटी म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. मीपण चार महिने हेच म्हणत फिरत होतो म्हणून लिहायला बसलोय.

माझी गाडी २००४ ची, तीन सिलिंडर, एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी), नाव सांगायची गरज नाही, आपल्या कोल्हापुरात प्रत्येक गल्लीत एक तरी उभी असतेच. १७-१८ द्यायची ती ११ वर आली आणि पन्हाळ्याच्या चढाला तर असे हिसके मारायची की मंडळी मागनं म्हणाल्या, उतरून ढकलू का. गॅरेजवाल्यानं बोनेट उघडायच्या आधीच सांगून टाकलं, काका पेट्रोलच तसलं येतंय हो. तरी इंजेक्टर क्लीनिंग, नवा फ्युएल पंप, पेट्रोलला ठिणगी देणारे नवे प्लग असं करत करत साडेनऊ हजार घेतले आणि पंधरा दिवसांत गाडी परत जिथल्या तिथं.

मग मी जरा हिशोब मांडला. इथेनॉलमध्ये लिटरमागं ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी, म्हणजे २० टक्के मिसळलं तर अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्के पडणार, फार तर त्याहून थोडं जास्त. १७ चं ११ म्हणजे पस्तीस टक्के झाले की राव! आणि दुसरं असं की इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, नुसतं पेट्रोल जाळायला एका किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणजे जुन्या सेटिंगवर ई-ट्वेंटी टाकलं तर मिक्स्चर पातळ होणार, घट्ट नाही. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. मग इथेनॉलमुळं काळा धूर हे गणित जमतच नाही. (इथेनॉल अगदी साधूसंत आहे असं नाही, जुन्या रबरी पायपांना आणि सीलना ते त्रास देतं, गाडी महिनोन्महिने उभी असली तर पाणी ओढतं, पण तो वेगळा रोग.)

एका रविवारी मी घरीच तिन्ही प्लग काढले आणि तुमच्याच पेपरवर ओळीनं मांडले. दोन कोरडे आणि काळेकुट्ट, काजळी बोटाला लागत होती. तिसरा मात्र ओला, नुसता पेट्रोलचा वास. चांगल्या इंजिनचा प्लग फिकट तपकिरी पाहिजे, बिस्किटासारखा. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जळतंय पण जास्त येतंय, ओला म्हणजे तिथं जळतच नाही, करंटच पोचत नाही. आणि हे प्लग पंधरा दिवसांपूर्वीचे नवेकोरे, म्हणजे प्लगचा काय दोष?

रात्री जेवण झाल्यावर पोर्चमधला लाइट घालवला, गाडी चालू केली, बोनेट उघडलं आणि वायरींवर फुलझाडांच्या फवाऱ्यानं थोडं पाणी मारलं. तीन नंबरच्या प्लगच्या वायरीवरनं निळी ठिणगी टुणकन इंजिनच्या हेडवर उडताना डोळ्यांनी दिसली. टक टक आवाजपण येत होता. वायर वरनं बघायला ठणठणीत, खालच्या बाजूला केसाएवढी चीर. एक सांगतो, कुठला सिलिंडर मेलाय हे बघायला लोक प्लगची वायर उपसून उघडी लटकवतात, कार्बोरेटरच्या काळात ते चालायचं, पण इंजेक्शनच्या गाडीत ठिणगीचा करंट देणाऱ्या कॉइलला किंवा गाडीतल्या कॉम्प्युटरला दणका बसू शकतो. त्यापेक्षा इंजेक्टरचा कपलर (वायरीचा जोड) एकेक करून काढा. ज्याचा काढल्यावर इंजिन अजिबात फरक दाखवत नाही तो मेलेला.

आता खरी गंमत. एका सिलिंडरला ठिणगी नाही, तर बाकीचे दोन काळे का? सायलेन्सरच्या पाइपात जो ऑक्सिजन सेन्सर असतो त्याला पेट्रोल कळत नाही, फक्त ऑक्सिजन कळतो. तीन नंबरमधली हवा न जळता तशीच बाहेर आली की त्याला वाटतं मिक्स्चर पातळ झालंय, तो कॉम्प्युटरला तसं कळवतो आणि कॉम्प्युटर बिचारा तिघांनाही जादा पेट्रोल पाजतो. म्हणजे मिसिंगमुळं ओव्हरफ्युएलिंग, लोक नेमकं उलटं धरून इंजेक्टर धूत बसतात. बरं हे न जळलेलं पेट्रोल जाऊन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं, तो तापून खराब झाला की खर्च कुठं जातो विचारू नका. थोडं पिस्टनच्या रिंगांवरनं खाली ऑइलमध्येपण उतरतं, माझ्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता आणि ऑइलची लेव्हल न टाकताच वाढली होती. ते ऑइल लगेच बदललं.

वायर बदलली, मिसिंग गेलं, पण अ‍ॅव्हरेज १४ च्या वर जाईना. मग लक्षात आलं की हायवेला टेम्परेचरचा काटा सी च्या (म्हणजे गारच्या खुणेच्या) जरा वर जाऊन तिथंच बसतोय. बायपासला अर्धा तास चालवली तरी तेच. आदल्या उन्हाळ्यात गाडी तापली होती तेव्हा गॅरेजवाल्यानं थर्मोस्टॅट काढूनच टाकला होता, म्हणाला आपल्याकडं कशाला पाहिजे ते, थंड देशातलं आहे. आता तो साधारण ८२ अंशाला उघडणारा वॉल्व्ह, तो नसला की पाणी सारखं रेडिएटरमधनं फिरतं, इंजिन नीट गरम होत नाही, आणि कूलंटचा सेन्सर कॉम्प्युटरला सांगत राहतो की अजून गार आहे, म्हणजे जुन्या गाडीत चोक ओढून दिवसभर हिंडल्यासारखंच झालं. सेन्सर ठीक आहे का हे मीटरवर बघता येतं, गार असताना दोन-अडीच हजार ओहम, ८० अंशाला तीनशेच्या आसपास. माझा चांगला होता, खरं तेच सांगत होता. नवा थर्मोस्टॅट पाचशेच्या आत बसला. १६ ला आलीय आता, वीस वर्षांच्या गाडीकडून अजून काय पाहिजे.

कार्बोरेटरवाल्यांचं वेगळं, त्यांनी चोक अडकलाय का, फ्लोटची सुई गळतेय का, एअर फिल्टर चोंदलाय का एवढं आधी बघावं.

आणि पीयूसी. त्या कागदावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) असे दोन आकडे असतात ते कोण वाचतच नाही. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त, एचसी भरमसाट म्हणजे मिसिंग, घरबसल्या निदान आहे ते. बीएस-टू च्या (धुराच्या सरकारी मानकांच्या दुसऱ्या टप्प्याच्या) आधीच्या चारचाकीला मर्यादा सीओ ३ टक्के आणि एचसी १५००, बीएस-टू ला ०.५ आणि ७५०. माझी गाडी काळा धूर ओकत असतानाही एका सेंटरवर आकडे एकदम झकास आले होते, कारण नळी सायलेन्सरमध्ये घातलीच नव्हती, नंबरप्लेटचा फोटो काढला आणि कागद दिला. नीट नळी घातली असती तर माझे साडेनऊ हजार वाचले असते. याच्यावर जरा बातमीदार पाठवा साहेब, चार सेंटरं फिरा म्हणावं.

जाता जाता, नवा थर्मोस्टॅट घ्यायच्या आधी मी त्या पहिल्या गॅरेजवाल्याकडं गेलो होतो, म्हटलं माझा जुना असेल तर दे. तो म्हणाला डब्यात असंल बघा. वनस्पती तुपाचा पाच किलोचा डबा होता. फरशीवर उपडा केला, तर गळ्यापर्यंत नुसते थर्मोस्टॅट, कुणाकुणाच्या गाड्यांचे कुणास ठाऊक.

आपला नेहमीचा वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर