स्कोप आणणार नाही, कारण

ब्राझोस नदीकाठ, टेक्सास
२४ मार्च

प्रिय दादा,

"डिसेंबरात येशील तेव्हा बंदुकीवरचा तो रात्री दिसणारा स्कोप घेऊन ये, डुकरं दुपारसारखी दिसतात त्यात," हा तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. फोनवर बोलले असते तर आपलं भांडण जुंपलं असतं आणि आईने मध्येच फोन काढून घेतला असता, म्हणून लिहितेय. स्कोप मी आणणार नाही. आता रागावून पत्र बाजूला ठेवू नकोस, कारण गेल्या महिन्याभरात मी तो तुझ्या त्या व्हिडिओवाल्यापेक्षा जवळून बघितलाय.

ज्यांच्या शेतात मी मातीचे नमुने काढायला जाते ते आजोबा सत्तरीचे आहेत. नदीकाठची गाळाची जमीन, तांबूस, पण आपल्या मातीइतकी लाल नाही. या महिन्याच्या सुरुवातीला त्यांनी मका पेरला आणि त्याच रात्री कळप आला. सकाळी बघितलं तर ओळीच्या एका टोकाला तोंड घालून दुसऱ्या टोकापर्यंत दाणा न् दाणा उकरून खाल्लेला. पेरणीयंत्र जसं सरळ गेलं तशीच डुकरंही सरळ गेली. तुझी गेल्या वर्षीची रताळी आठवली मला.

इथली डुकरं मात्र आपल्याकडच्यासारखी मूळची रानातली नव्हेत. तीनेकशे वर्षांपूर्वी स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं सुटून रानात गेली, पुढे १९३०च्या सुमारास शिकारीच्या हौसेखातर युरोपातली रानडुकरं आणून सोडली, त्या दोघांची ही पिलावळ. परक्या जनावराला कायद्याचं संरक्षण नाही. त्यामुळे शिकारीला हंगाम नाही, किती मारायची याला मर्यादा नाही, आणि २०१९पासून खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की शिकारीचा परवानाही लागत नाही. रात्री मारली तरी चालतात. हे सगळं तिथे कुडाळात बसून ऐकायला गोड वाटतं, पण आपलं रानडुक्कर १९७२च्या कायद्यात येतं. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय हात लावलास तर डुक्कर राहील बाजूला आणि तूच आत जाशील.

आता स्कोपबद्दल. टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धर आणि बटण दाब. डोळ्याला काही दिसत नाही, पण स्क्रीनवर रिमोटच्या टोकाला दिवा पेटलेला दिसेल. बस, सगळा खेळ एवढाच. स्कोपमध्ये कॅमेऱ्यासारखा सेन्सर, वर अशाच न दिसणाऱ्या उजेडाची बॅटरी बसवलेली, आणि डोळा लावायच्या जागी आत इवलासा पडदा. म्हणजे तू काचेतून डुक्कर बघत नाहीस, छोट्या टीव्हीवर बघतोस. पूर्वीच्या, उजेड वाढवणाऱ्या नळीवाल्या नाइट व्हिजनला दिवसाच्या उजेडाची धास्ती असायची, नळी खराब व्हायची. हा दिवसा रंगीत दाखवतो, रात्री काळंपांढरं. किंमतही नळीवाल्याच्या पासंगाला पुरत नाही, म्हणून तर घरोघरी झालाय.

त्या बॅटरीतही दोन जाती. ८५० नॅनोमीटरवाली (हा उजेडाच्या लहरीच्या लांबीचा आकडा) लांबवर उजेड टाकते, पण तिच्या तोंडाशी निखाऱ्यासारखा मंद लाल ठिपका दिसतो. ९४०वाली अजिबात दिसत नाही, पण सेन्सरलाही तो उजेड कमी कळतो, त्यामुळे पल्ला कमी. आजोबा ८५०वाली वापरतात. डुकराचं नाक त्या ठिपक्याच्या आधी तुमचा वास घेतं, असं त्यांचं म्हणणं.

व्हिडिओत एक गोष्ट दाखवत नाहीत, ती म्हणजे धुकं. नदीवरून धुकं आलं की आंबोली घाटात फुल्ल लाइट टाकल्यावर जसं होतं तसंच होतं, समोर पांढरी भिंत. तोंडासमोर गवताची एक काडी आडवी आली तरी सगळा उजेड तिच्यावरच परततो, काडी लख्ख आणि मागचं रान काळं. आपल्याकडे भात कापणीला आलेलं असतं तेव्हा बांधावरचं गवत कमरेला लागतं. दिसेल काय तुला, कपाळ?

पण मी नाही म्हणतेय ते धुक्यामुळे नव्हे. गेल्या आठवड्यात मीही त्यांच्याबरोबर गेले होते. (हा भाग आईला वाचून दाखवू नकोस.) रात्रीचे अकरा, गार वारा, ट्रकच्या मागच्या बाजूला आम्ही दोघं. आजोबांचा नियम असा की बंदुकीवरच्या स्कोपने कधी काही शोधायचं नाही. जिकडे स्कोप तिकडे बंदुकीची नळी. नुसतं 'काय आहे ते बघू' म्हणून स्कोप फिरवला तरी भरलेली बंदूक शेजाऱ्याच्या घरावरून, त्याच्या गुरांवरून फिरते. म्हणून शोधायला उष्णता दाखवणारी वेगळी हातातली दुर्बीण असते, ती माझ्याकडे होती. तिच्यात नाकडोळे दिसत नाहीत, फक्त ऊब दिसते. कुंपणाजवळच्या गवतात पांढरा गोळा दिसला. बुटका, रुंद, मान खाली. मी ठासून सांगितलं, डुक्कर.

आजोबांनी बंदूक टेकवली, बॅटरी लावली, स्कोपला डोळा लावला, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग बोट चापावरून काढून मला जवळ बोलावलं आणि पडद्यात बघायला लावलं. दोन डोळे, विजेच्या दिव्यासारखे पेटलेले. शेजाऱ्याचं वासरू होतं, कुंपणाची तार तुटली होती तिथून आलेलं. गवतात बसलेलं वासरू मी डुक्कर करून टाकलं होतं.

गाय, हरीण, कुत्रा, मांजर यांच्या डोळ्यांत मागे एक आरशासारखा पडदा असतो, त्यावरून उजेड परत फिरतो. डुकराच्या डोळ्यात तो नसतो. डोळे असे लखलखले तर ते बहुधा डुक्कर नव्हे, हे मी त्या रात्री शिकले. घरी आल्यावर झोप लागेना, कारण याची दुसरी बाजू तेव्हा सुचली. तो पडदा माणसाच्या डोळ्यातही नसतो, दादा. घोंगडी डोक्यावरून घेऊन बांधावर उकिडवा बसलेला माणूस त्या काळ्यापांढऱ्या पडद्यावर कसा दिसेल? आपल्या भागात डुक्कर समजून माणसावर गोळी झाडल्याच्या बातम्या आपण दोघांनीही वाचल्यात. इथे आजोबांच्या शेतात रात्री त्यांच्याशिवाय कुणी नसतं. आपल्याकडे एका कोपऱ्यात दहा जणांचे भाताचे कुणगे, आणि प्रत्येक कुणग्यावर कुणी ना कुणी राखणीला.

बरं, इतकं करून डुकरं कमी होतात का, तर तेही नाही. एक पडलं की बाकीची पांगतात आणि पुढचे काही दिवस दुसऱ्या शेतात जातात. डुकरीण तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवसांत विते, असा इथला हिशोब आहे. म्हणून आता आजोबांनी मोठा गोल सापळा लावलाय. कॅमेऱ्यात बघायचं, अख्खा कळप मक्याला आत आला की मोबाईलवरून दार पाडायचं. स्कोप रात्रीच्या गप्पांपुरता उरलाय, असं त्यांची बायको म्हणते.

शिवाय अमेरिकेतून असला स्कोप बाहेर न्यायचा तर निर्यातीचे नियम आहेत, बॅगेत टाकून आणायची ती वस्तूच नव्हे. विमानतळावर तुझ्या बहिणीला बसवून ठेवलेलं तुला चालेल का?

त्यापेक्षा सौरकुंपणाचं बघ. वनखात्याच्या कार्यालयात जाऊन योजनेची चौकशी कर, कमी पडतील ते पैसे मी पाठवते. आणि या वर्षी नुकसान झालं तर लगेच पंचनामा करून घे, 'कोण फेऱ्या मारणार' म्हणून बसू नकोस.

इथे रस्त्याकडेला ब्लूबॉनेटची निळी फुलं फुलली आहेत. तिकडे काजूची बोंडं डुकरं खातायत की अजून तू खातोयस?

आईबाबांना नमस्कार. वहिनीला सांग, कोकमाचं आगळ संपत आलंय.

तुझी,
सुमी

ता. क. रिमोटचा प्रयोग करून बघ. मागच्या कॅमेऱ्याने दिवा दिसला नाही तर मोबाईल बिघडला म्हणून दुकानात नेऊ नकोस, त्या कॅमेऱ्याला हा न दिसणारा उजेड अडवणारी चाळण लावलेली असते.