विषय: डिमर फिरवताच पट्टे मारणारा 'फ्लिकर-फ्री' लाइट आणि न विचारता बंद केलेली तक्रार

दि. २७ जानेवारी २०२६

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तुमच्याकडे पाचवा फोन केला. चाळीस मिनिटं ताटकळल्यावर उत्तर मिळालं, "तुमची तक्रार बंद झालीय." कोणी बंद केली? मी केलेली नाही. म्हणून आता लेखी.

मी नाशिकला इंदिरानगरात घरच्या हॉलमध्ये लहान मुलांचे फोटो काढते. गोकुळाष्टमी, दिवाळी, संक्रांत हे माझे हंगाम. संक्रांतीचा यंदा फारच तोकडा होता. १४ला संक्रांत, २५ला रथसप्तमी, बोरन्हाणांना बाराच दिवस. त्यातून बोरन्हाण संध्याकाळचं, म्हणजे लाइटशिवाय भागत नाही. त्यासाठीच डिसेंबरात तुमचा दोन एलईडी आणि सॉफ्टबॉक्सचा सेट ११,८०० रुपयांना घेतला. खोक्यावर ठळक छापलंय, 'फ्लिकर-फ्री', म्हणजे न लुकलुकणारा.

पूर्ण ब्राइटनेसवर लाइट ठीक चालतो. डिमर चाळीस टक्क्यांवर आणला की तो लुकलुकतो आणि १/२५० सेकंदाच्या शटरला फोटोत आडवे काळे पट्टे येतात. तान्ह्या डोळ्यांवर पूर्ण उजेड मारता येत नाही. शटर कमी करून १/५० केलं, म्हणजे जास्त वेळ उघडं ठेवलं, तर पट्टे जातात, पण बाळाचे हात पुसट होतात. लाइट तुम्हीच बनवता, यापुढचं तुम्हाला समजावून सांगायची गरज नसावी.

पहिल्याच बोरन्हाणाला चौदा महिन्यांचा मुलगा होता. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार. आजीने डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले, त्याने एक बोर मुठीत धरलं आणि वर बघून खळखळून हसला. त्या फोटोत मुकुट आणि डोळ्यांच्या मधोमध काळा पट्टा आहे. पुन्हा बोरं ओतली तेव्हा तो घाबरून आईला बिलगला. ते हसू आता कुठून आणू?

आणि तुमचा माणूस फोनवर काय म्हणाला ते वाचा. आधी म्हणे, "मॅडम, नाशिकला व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल." मी सांगितलं, पूर्ण ब्राइटनेसवर पट्टे येत नाहीत, आणि त्याच प्लगवर मैत्रिणीचा लाइट मंद करूनही फोटो स्वच्छ येतो. स्लो मोशनमधला व्हिडिओसुद्धा पाठवलाय. "व्हिडिओ आम्हाला दिसत नाही." मग पाठवायला कशाला सांगितलात? त्यावर पाच मिनिटं गाणं वाजलं. परत आला आणि म्हणाला, "शटर कमी करा आणि मुलाला स्थिर बसवा." मी म्हटलं, अहो, चौदा महिन्यांचं मूल आहे, डोक्यावर बोरं पडतायत. तर म्हणाला, "मग मोठ्या मुलांचे फोटो काढा ना."

मोठ्या मुलांचे! बोरन्हाण पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं असतं. आठ वर्षं मी हे काम करतेय, एवढा अपमान कुणी केला नव्हता. मुलाला स्थिर बसवा म्हणे.

चार घरांचे पैसे परत केले. बाकीच्यांना हातापाया पडून सकाळी बोलावलं आणि खिडकीच्या उजेडात फोटो काढले. तुमचा ट्रायपॉड सहा वर्षं वापरतेय, एक स्क्रू ढिला झाला नाही, म्हणून डोळे मिटून हा सेट घेतला होता. तो विश्वास तुम्ही घालवलात.

मला पूर्ण पैसे परत हवेत आणि सेट माझ्या घरून तुम्ही न्यायचा. मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला स्वखर्चाने पाठवा, हे पुन्हा ऐकणार नाही. पंधरा दिवसांत झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करेन आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते तिथेच दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. खोक्यावरचं 'फ्लिकर-फ्री' तिथे दाखवेन.

तक्रार बंद झालेली नाही, तुमच्याकडची ती चुकीची नोंद आधी दुरुस्त करा.

सोबत बिल, सिरीयल नंबरचा फोटो, व्हिडिओ आणि पट्टे आलेले तीन फोटो जोडले आहेत. फोटोंत बाळाचा चेहरा झाकलाय. त्याच्या आईने परवानगी फक्त पट्टे दाखवण्यापुरती दिली आहे, ते इतर कुठेही वापरू नयेत.

एक ग्राहक, इंदिरानगर, नाशिक