ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी नांगर टाकण्याचा सल्ला जिवावर बेतणारा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. रविवारच्या पुरवणीतील लहान होडीतून किनाऱ्यालगत मासेमारी करण्याविषयीचा लेख वाचल्यावर लगेच लिहायला बसलो नाही, कारण रागाच्या भरात लिहिलेले पत्र आपण छापणार नाही आणि छापूही नये, हे मला समजते. आज तो लेख पुन्हा शांतपणे वाचला आणि मत अधिकच पक्के झाले. ओहोटी जोरात असताना खाडीच्या मुखाशी, म्हणजे ती समुद्राला मिळते तिथे, नांगर टाकून बसावे, असा सल्ला ज्या लेखात ठळक चौकटीत दिला आहे, त्या लेखात त्याच वेळी त्याच जागी समुद्र कसा वागतो याबद्दल एक ओळही नसावी, हे मला अक्षम्य वाटते.

लेखकाला माशांची जाण आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. ओहोटीचे पाणी आतली कोळंबी आणि बारीक मासळी बाहेर वाहून आणते आणि मोठा मासा वाळूच्या दांड्याच्या कडेला, जिथे वाहते पाणी संथ पाण्याला भिडते तिथे, तोंड प्रवाहाकडे करून तिची वाट पाहत असतो, हे त्यांचे वर्णन अगदी बरोबर आहे. पण जो प्रवाह माशाला तिथे आणतो, तोच प्रवाह लाटेला तिथे उभी करतो. या वाक्याचा पहिला अर्धा भाग छापायचा आणि दुसरा गाळायचा, याला अर्धवट माहिती म्हणून सोडून देता येत नाही, कारण ती वाचून माणसे होड्या पाण्यात लोटणार आहेत.

भरतीला खाडीत शिरलेले सगळे पाणी ओहोटीला एका अरुंद वाटेने बाहेर पडते. दर्यावर्दींच्या जुन्या ठोकताळ्याप्रमाणे सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासाला पाणी जेवढे उतरते, त्याच्या तिप्पट ते तिसऱ्या आणि चौथ्या तासांत प्रत्येकी उतरते. म्हणजे लेखकाने सांगितलेली ‘उत्तम वेळ’ ही प्रवाहाच्या सर्वाधिक जोराची वेळ आहे. आता समोरून वाऱ्याच्या लाटा येत आहेत असे समजा. चार सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटेचा खोल पाण्यातला वेग सेकंदाला सुमारे 6 मीटर असतो, आणि विरुद्ध प्रवाह त्याच्या एक चतुर्थांशाला, म्हणजे सेकंदाला साधारण दीड मीटरला, पोहोचला की त्या लाटेची ऊर्जा पुढे सरकूच शकत नाही. लाट जागच्या जागी चढते, आखूड होते, उभी राहते आणि फुटते. प्रवाह त्याहून कमी असला तरी लाटा जवळजवळ येतात आणि त्यांचा चढ वाढतो, आणि लहान होडीला लाटेच्या उंचीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, धोका त्या चढाचा असतो. त्यातच ओहोटीमुळे दांड्यावरचे पाणी उथळ झालेले असते. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक झाली की ती फुटते, म्हणजे दीड मीटरची लाट दोन मीटर पाण्यात कोसळणार. सकाळी भरतीच्या पाण्यावरून शांतपणे ओलांडलेले मुख दुपारी फेसाने पांढरे झालेले असते ते यामुळेच, आणि त्यासाठी वादळ यावे लागत नाही.

परंतु मला सर्वांत अस्वस्थ केले ते लेखासोबतच्या छायाचित्राने. त्यात होडी मुखाच्या मधोमध उभी आहे, दोघेजण हसत गळ धरून बसले आहेत आणि नांगराचा दोर होडीच्या मागच्या फळीला, आउटबोर्ड इंजिनाच्या शेजारी बांधलेला स्पष्ट दिसतो. आपल्या कार्यालयात हे छायाचित्र निवडणाऱ्याला त्यात काही वावगे दिसले नसेल. मला त्यात माझा मावसभाऊ दिसला.

त्यानेही दोर असाच मागे बांधला होता, कारण त्याला आणि त्याच्या सोबत्याला मागे बसूनच गळ टाकायचे होते आणि पुढे जाऊन बांधण्याचा खटाटोप त्यांना नको होता. मी किनाऱ्यावर उभा होतो. होडीची पुढची बाजू उंच आणि निमुळती असते, ती लाटेवर चढते. मागची बाजू सपाट आणि ठेंगणी असते, शिवाय इंजिनाचे आणि माणसांचे वजन तिथेच असते. प्रवाहाने दोर ताणला, मागची बाजू खाली खेचली गेली आणि एक लाट फळीवरून सरळ आत आली. पाचेक मीटरच्या होडीत वीतभरापेक्षाही कमी पाणी शिरले तरी त्याचे वजन टनाच्या आसपास भरते, आणि ते पाणी एका जागी थांबत नाही. होडी ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला धावते. त्याने दोर सोडण्याचा प्रयत्न केला. गाठ ताणाने इतकी आवळली गेली होती की ती बोटांनी सुटणे शक्यच नव्हते, आणि सुरी डब्यात होती. पुढे होडी किनाऱ्याला लागली तेव्हाही ती गाठ कोणाला सोडवता आली नाही. दोर करवतीच्या पात्याने कापावा लागला.

होडी उलटल्यावर त्याचा सोबती पालथ्या होडीला धरून राहिला. नांगर निसटला, ओहोटीने सोबत्याला होडीसकट बाहेर खोल पाण्यात नेले आणि बऱ्याच वेळाने दुसऱ्या होडीवाल्यांनी उचलून घेतले. माझा मावसभाऊ पट्टीचा पोहणारा होता, किनारा समोर दिसत होता, म्हणून तो किनाऱ्याकडे पोहू लागला. सेकंदाला दीड मीटर वेगाने येणाऱ्या पाण्याविरुद्ध चांगला पोहणाराही जागचा पुढे सरकत नाही. आम्हाला तो पुन्हा जिवंत दिसला नाही. पालथी का होईना, तरंगणारी होडी सोडू नये, ही साधी गोष्ट त्याला कोणी सांगितली असती, तर कदाचित हे पत्र लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

म्हणून मी विनंतीपूर्वक सांगतो की नांगर नेहमी होडीच्या पुढच्या टोकालाच बांधला पाहिजे, दोर पाण्याच्या खोलीच्या किमान पाच ते सात पट सोडला पाहिजे आणि कापण्यासाठी सुरी हाताशी, अंगावर असली पाहिजे. फुटत्या लाटांच्या पट्ट्यात मात्र नांगर टाकूच नये. शिवाय मुखाच्या मधोमध नांगरणे हे केवळ अविचाराचेच नाही, तर नियमाविरुद्धही आहे: समुद्रातील टक्कर टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील नववा नियम अरुंद जलमार्गात नांगर टाकणे परिस्थितीनुसार शक्य तितके टाळण्यास सांगतो आणि मासेमारी करणाऱ्या होडीने तिथून जाणाऱ्या इतर नौकांना अडथळा करू नये, असेही बजावतो. ते छायाचित्र छापताना निदान एवढे तरी कोणाला विचारायला हवे होते.

परतीच्या प्रवासाबद्दल लेखात एकच वाक्य आहे, इंजिन पूर्ण वेगाने ठेवून आत शिरावे असे, आणि तेही तितकेच घातक आहे. समुद्राच्या बाजूने पाहिले तर फुटणाऱ्या लाटेची फक्त गुळगुळीत पाठ दिसते. तिचा कोसळणारा चेहरा किनाऱ्याकडे असतो. त्यामुळे बाहेरून मुख नेहमीच असते त्याहून शांत वाटते आणि माणूस फसतो. आधी बाहेर थांबून मोठ्या लाटांचे काही थवे जाऊ द्यावेत, त्या कुठे फुटतात आणि न फुटणारी वाट कोणती आहे हे पाहावे, आणि मग एका लाटेच्या पाठीवर राहून तिच्याच वेगाने आत यावे, तिचा माथा कधीही ओलांडू नये. दोन मीटर पाण्यात लाटेचा वेग ताशी सुमारे 16 किलोमीटर असतो, म्हणजे साध्या आउटबोर्ड इंजिनाला तो सहज साधतो. पूर्ण वेगात माथा ओलांडलेली होडी लाटेच्या उतारावरून घसरते, तिचे टोक पुढच्या खळग्यात रुतते, मागची बाजू फिरते आणि पुढची लाट तिला आडवी गाठून उलटी करते. मुख फुटत असेल तर बाहेरच थांबावे आणि पाणी फिरण्याची वाट पाहावी. भरती सुरू झाली की प्रवाह आणि लाटा एकाच दिशेने जातात आणि बहुतेक वेळा तेच मुख ओलांडण्याजोगे होते.

किनाऱ्याच्या फुटत्या लाटांतली मासेमारीही बेतानेच करावी लागते. होडी लाटा फुटतात त्या रेषेच्या बरीच बाहेर, टोक समुद्राकडे करून, इंजिन चालू ठेवून राखायची आणि गळ आत फेकायचा. दोघांपैकी एकाने गळाला हात लावायचा नाही, नजर समुद्रावर ठेवायची, कारण मोठी लाट नेहमीच्या रेषेच्या बाहेरच फुटते आणि पाठमोऱ्या माणसाला ती शेवटच्या क्षणी कळते.

हवामानाच्या अंदाजातील लाटेच्या उंचीविषयीही लेखात मोठी चूक आहे. अंदाजात एक मीटर लिहिले असेल, तर त्याहून मोठी लाट येणार नाही असे लेखक गृहीत धरतात. तो आकडा सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असतो. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या होड्या फुटत्या लाटांतून किनाऱ्याला लावायच्या होत्या, तेव्हा हॅराल्ड स्वेरड्रुप आणि वॉल्टर मंक या शास्त्रज्ञांनी लाटांचा अंदाज बांधताना ही मोजण्याची पद्धत रूढ केली. दिवसभरात एखादी लाट त्या आकड्याच्या जवळपास दुप्पट येणे हे अगदी स्वाभाविक आहे. एक मीटरचा अंदाज वाचून निघालेल्याने दोन मीटरच्या लाटेची तयारी ठेवली पाहिजे, हे लेखात यायला हवे होते.

लाइफ जॅकेट ‘सोबत ठेवावे’ असे लिहिले आहे. ते अंगात घातलेले असले पाहिजे. होडी उलटायला दोन-तीन सेकंद पुरतात आणि तेवढ्या वेळात फळीखालून जॅकेट काढून बंद लावता येत नाहीत. चालकाने इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला अडकवलीच पाहिजे, नाहीतर तो पाण्यात पडल्यावर होडी त्याच्याभोवती गरगर फिरत राहते. मोबाइलच्या भरवशावर राहण्याचा सल्लाही मागे घ्यावा. संकटाच्या हाकेसाठी व्हीएचएफ रेडिओचे चॅनेल 16 जगभर राखून ठेवलेले आहे आणि आसपासच्या सर्व नौकांना ती हाक एकाच वेळी ऐकू जाते.

येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच आकाराच्या चौकटीत दुरुस्ती छापावी आणि ते छायाचित्र पुन्हा कधीही वापरू नये, एवढी माझी मागणी आहे. लेखकाने या मजकुराला उत्तर दिले तर मी ते आदराने वाचेन.

जाता जाता आणखी एक तक्रार. भरती-ओहोटीचे कोष्टक आपण हल्ली शब्दकोड्याच्या खाली इतक्या बारीक टाइपात छापता की ज्यांना त्याची खरी गरज आहे, त्यांना ते पहाटेच्या उजेडात वाचता येत नाही. ते पूर्वीच्या जागी, पूर्वीच्या टाइपात छापावे, आणि त्याखाली एक ओळ जरूर घालावी: कोष्टकातील वेळ ही पाण्याच्या उंचीची आहे, मुखातला प्रवाह थांबण्याची नव्हे; काही ठिकाणी ओहोटी संपल्याची वेळ उलटून गेल्यावरही तासभर, क्वचित त्याहून अधिक काळ, पाणी जोराने बाहेरच वाहत असते.

आपला,
एक जुना वाचक