एकच गिटार, आणि ती पुरते हे दाखवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

हे सगळं तुमच्या जॅमरूमला, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीवर, येऊन समोरासमोर सांगता आलं असतं, पण तुम्ही दोन वाक्यांतच मला थांबवून चहा मागवला असता. म्हणून लिहितोय, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात एकाच गिटारवर चालणारे बरेच बँड आहेत. त्यातली मुलं कार्यक्रम संपल्यावर स्टेजच्या कडेला येतात आणि विचारतात, "मागे ट्रॅक लावला होता का?" आधी रेकॉर्ड केलेला असा कुठलाच ट्रॅक नसतो. जे असतं ते तुम्ही शिकवलेलं असतं. तुमचं नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळतोय, पण आभार उघडपणे मानल्याशिवाय मला राहवत नाही.

आमचा दुसरा गिटारवाला नोकरीसाठी जर्मनीला गेला, तेव्हा उरलो चौघं. गायिका, बेस, ड्रम्स आणि मी. गाणी सगळी दोन गिटारींसाठी बांधलेली होती. एकाने रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, धरायचा, दुसऱ्याने वरून सुरावट फिरवायची. एक गिटार गेल्यावर मुखड्याला जोरच राहिला नाही. कोणी म्हणालं नवा माणूस शोधा, कोणी म्हणालं लॅपटॉप लावा. तुम्ही मिक्सरपाशी बसून एक गाणं पूर्ण ऐकलंत, उठलात, माझा चॅनल म्यूट केलात आणि मला दारापाशी उभं केलंत. "तू वाजवू नकोस. आता त्या दोघांना ऐक."

त्या दारापाशी मला जे ऐकू आलं, त्यातून पुढचं सगळं निघालं. किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, आणि बेस एकत्र पडत नव्हते, केसभर मागेपुढे होत होते. शिवाय बेसची प्रत्येक नोट स्नेअरच्या, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमच्या, ठोक्यावर लोंबत राहायची, त्यामुळे स्नेअरला धार येत नव्हती. दोन गिटारींच्या गजरात हे झाकलं जायचं. तुम्ही बेसवाल्याला एवढंच सांगितलंत की स्नेअर पडला की तार दाबून बंद कर, आणि किक जिथे पडेल तिथेच पुढची नोट उचल. दोघांना तेच चार बार पुन्हा पुन्हा वाजवायला लावलेत. मग मिक्सरवरचा माझा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर केलात. माझ्या अॅम्पच्या एकाही नॉबला हात लावला नव्हता, तरी गाणं रुंद झालं होतं. दादा, पहिले आभार याचे. तक्रार गिटारची होती आणि तुम्ही आधी ड्रम्स आणि बेस जुळवून दिलेत.

नंतर माझ्या अॅम्पकडे आलात. गेन, म्हणजे आवाज खरखरीत करणारा नॉब, आठवर होता, तो चारवर आणलात. बेसचा नॉब कमी केलात, मिडचा, म्हणजे मधल्या पट्ट्याचा, वाढवलात. खोलीत एकटं वाजवताना तो आवाज मला कोरडा लागला. बँड सुरू झाल्यावर मात्र गिटारचा एकेक ठोका सुटा ऐकू येऊ लागला. कारणही तुम्ही नीट समजावलंत. गेन वाढला की आवाज दबतो, पिकचा आघात आणि त्यामागची आस एकाच पातळीवर येतात, आणि बँडमध्ये मग नुसती भिणभिण उरते. मिड कापून बेस आणि ट्रेबल चढवले की घरी भारी वाटतं, पण स्टेजवर गिटारचं खरं घर मिडमध्येच असतं. तो काढला की वरून झांजा आणि खालून बेस तिला गिळून टाकतात.

बेसचा नॉब खाली का, हेही तेव्हाच कळलं. गिटारची सर्वांत जाड मोकळी तार सुमारे 82 हर्ट्‌झवर वाजते, बेस गिटारची 41 वर. किकचा धपकाही याच खालच्या भागात. गिटारने तिथे गर्दी केली की तिघंही गढूळ होतात. तुम्ही मिक्सरवर माझ्या चॅनलचं 100 हर्ट्‌झच्या खालचं सगळं कापलंत आणि बेसवाल्याला म्हणालात, "आता ही जागा तुझी." बँड त्या क्षणी जड झाला. गिटार पातळ करून बँड जाड होतो, हे सांगून कोणाला पटत नाही, ऐकवावंच लागतं. मी आता इतरांना तसंच ऐकवतो.

मग बेसवाल्यालाही तुम्ही जोडकाम दिलंत. त्याचा सिग्नल दोन वाटांनी नेलात. खालचा भाग स्वच्छ, आणि वरच्या भागावर थोडा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाज. पूर्ण आवाजावर ओव्हरड्राइव्ह घातला असता तर तळ विरघळला असता. असा वेगळा ठेवल्यामुळे तळ शाबूत राहिला आणि वर खरखरीत थर आला, जो कानाला दुसऱ्या गिटारसारखाच लागतो. मोटरहेड या इंग्लिश रॉक बँडमध्ये लेमी रिकनबॅकर बेस मार्शल अॅम्पमधून वाजवत कॉर्ड झोडपायचा, ते तुम्ही आम्हाला लगेच लावून ऐकवलंत.

माझ्या हातात तुम्ही जे बदललंत ते मला सगळ्यांत लाडकं आहे. मी मुखड्याला पॉवर कॉर्ड, म्हणजे नुसता मूळ स्वर आणि पंचम, दणकावायचो, तार दाबायची आणि हात खालीवर. तुम्ही म्हणालात, आपलं गाणं ई मध्ये आहे ना, मग वरच्या सुरांच्या दोन बारीक तारा मोकळ्या सोडून दे. पाचव्या तारेवर सातव्या फ्रेटला ई, पाचव्याला डी, तिसऱ्याला सी. हाताचा आकार तोच, आणि पहिली-दुसरी तार प्रत्येक वेळी मोकळी. तेच तीन कॉर्ड, पण आता त्या दोन तारा तानपुऱ्यासारख्या अखंड वाजत राहतात. कॉर्ड बदलताना जी फट पडायची ती बुजली, आणि डीवर, सीवर आपोआप असे स्वर मिसळले जे मी कधी मुद्दाम शोधले नसते. रश या कॅनडातल्या बँडच्या अॅलेक्स लाइफसनची गिटार ऐकताना हेच लक्षात येतं. तिघांचा बँड, आणि त्याच्या कॉर्डमध्ये मोकळ्या तारा घुमत असतात. द पोलीस या बँडच्या अँडी समर्सने वेगळी वाट धरली. तो कॉर्डमधला गंधारच बऱ्याचदा गाळतो आणि जागी रिषभ ठेवतो, त्यामुळे दोनतीन तारा वाजल्या तरी अवकाश मोठा वाटतो. गेन लावलेल्या गिटारवर गंधार असलेली कॉर्ड गढूळ होते, रिषभाची स्वच्छ राहते, हे मी तुमच्याकडे दोन्ही एकापाठोपाठ वाजवून पाहिलं.

हिंदुस्थानातलं उदाहरण विचारलं तर तुम्ही इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचं नाव घेतलंत. त्या काळी त्यात सुश्मित सेनची एकच गिटार, राहुल रामचा बेस, अशीम चक्रवर्तींचा तबला आणि गाणं, अमित किलमचे ड्रम्स. 2000 साली आलेला त्यांचा 'कंडिसा' हा अल्बम तुम्ही हेडफोन न लावता, त्या जॅमरूमच्या जुन्या स्पीकरवर ऐकवलात आणि दर वेळी एकच प्रश्न विचारलात, "आत्ता या क्षणी कोण गप्प आहे?" कोणीतरी गप्प असायचंच.

डिलेबद्दल, म्हणजे वाजवलेला सूर थोड्या वेळाने परत ऐकवणाऱ्या पेडलबद्दल, थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांत जास्त प्रश्न त्याच्यावर येतात. तुम्ही मला आधी लय मोजायला लावलीत. मिनिटाला 120 ठोके असतील तर एक मात्रा 500 मिलिसेकंदांची. डिले पाऊण मात्रेवर ठेवायचा, म्हणजे 375 मिलिसेकंद. मी सरळ अर्ध्या अर्ध्या मात्रेने वाजवत राहायचं आणि पेडल मधल्या रिकाम्या जागा भरतं. यूटू या आयरिश बँडच्या द एज या गिटारवाल्याने हे तंत्र जगभर पोचवलं, हे मला माहीत होतं. पण तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टी कुठल्याच व्हिडिओत सापडल्या नव्हत्या. एक, आवर्तनं दोनतीनच ठेव, नाहीतर कॉर्ड बदलला तरी मागचा कॉर्ड तिथेच रेंगाळतो. दोन, ड्रमरला डिले नीट ऐकू आला पाहिजे, त्याच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे त्याला ऐकू येण्यासाठी ठेवलेल्या स्पीकरमध्ये, गिटार चढव. तो लयीतून हलला की पेडल हलत नाही, आणि मग सगळं विस्कटतं.

याउलट एका युक्तीपासून तुम्ही आम्हाला वाचवलंत. एक गिटार डावीकडे सोडायची आणि तीच वीसेक मिलिसेकंद उशिरा उजवीकडे, म्हणजे दोन गिटारी वाटतात. कानाला इतका छोटा उशीर वेगळा प्रतिध्वनी म्हणून कळत नाही, हे हेल्मुट हास या जर्मन अभ्यासकाने 1949 मध्ये दाखवून दिलं आहे. हेडफोनवर ते सुंदरच लागतं. पण आपल्याकडच्या बहुतेक छोट्या हॉलमध्ये आणि मांडवात साऊंड मोनो, म्हणजे डावं-उजवं एकत्र, असतो. दोन्ही बाजू एकत्र आल्या की ठरावीक अंतरावरच्या कंपनसंख्या एकमेकींना मारतात आणि गिटार पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी पोकळ होते. तुम्ही मिक्सरवर मोनोचं बटण दाबून ते तिथल्या तिथे ऐकवलंत. तेव्हापासून मी कुठलाही आवाज आधी मोनोमध्ये तपासतो.

दोन अॅम्प लावायचे तर एक स्वच्छ आणि एक मळका, दोन्ही एकाच वेळी, हा उपायही तुमचाच. स्वच्छ अॅम्प कॉर्डमधला प्रत्येक स्वर दाखवतो, मळका त्याला अंग देतो. दोन्ही जोडल्यावर घूंऽऽ असा हम आला, तेव्हा स्टेजवरच्या एका माणसाने सवयीने एका प्लगची अर्थिंगची पिन काढायला घेतली. तुमचा आवाज तेवढा चढलेला मी पुन्हा कधी ऐकला नाही. गिटारवाल्याचा हात तारांवर आणि ओठ माईकवर असतात, अर्थिंग नसेल तर करंट त्याच्यातून जाऊ शकतो. तुम्ही दुसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मर असलेला, गिटारचा सिग्नल दोन्हीकडे वाटून देणारा स्प्लिटर बॉक्स स्वतः डाग देऊन बनवलात आणि माझ्या हातात ठेवलात. हम गेला, पिना जागेवर राहिल्या. हे वाचणाऱ्या प्रत्येक मुलाने एवढं तरी लक्षात ठेवा. पैसे विचारल्यावर तुम्ही नुसता हात हलवलात. तो बॉक्स प्रत्येक कार्यक्रमाला माझ्या बॅगेत असतो.

सोलोची भीती वेगळीच होती. मी वरच्या तारांवर गेलो की खाली भोक पडायचं. तुम्ही ब्लॅक सॅबथ या बँडची गाणी लावलीत. टोनी आयोमी एकटाच गिटारवाला, तो सोलोला गेला की गीझर बटलरचा बेस खाली जागा पकडतो, भरतो, वाकवतो. आमच्या बेसवाल्याने तिथून मूळ स्वर आणि पंचम एकत्र धरायला सुरुवात केली. ड्रमरने हाय-हॅट ही जोडझांज सोडून राइड ही मोठी झांज धरली, तिची झणझण वरचा भाग भरते. आणि मी सोलोतल्या पहिल्या ओळी एकेका तारेऐवजी दोन तारांवर बांधल्या.

तरीही तुम्ही दिलेलं सगळ्यांत मोठं शिक्षण पेडलचं नव्हतं. तुम्ही लहानपणापासून संगीत नाटकांच्या प्रयोगांना माईक लावत आलात. एकदा रात्री सामान आवरताना तुम्ही सांगितलंत की एक ऑर्गन, एक तबला आणि गाणारा नट एवढ्यावर अख्खं नाट्यगृह भरायचं. ऑर्गनवाला गाण्याच्या मागे मागे राहायचा आणि गायक श्वास घ्यायला थांबला की तेवढीच जागा भरायचा. त्यावर आम्ही सगळी गाणी उघडून पुन्हा बांधली. पहिल्या अंतऱ्यात आता मी जवळजवळ वाजवतच नाही. बेस, किक आणि गायिकेचा आवाज, माझ्याकडून फक्त ओळीच्या शेवटी दोन स्वर. दुसऱ्या अंतऱ्यात थोडी गिटार. मुखड्याला सगळे येतात, ड्रमर आणि मी मागून सूर लावतो, आणि लोकांना गिटारी दुप्पट झाल्यासारखं वाटतं. आमची गायिका म्हणते की आता तिला ओरडावं लागत नाही. घसा बसायचा बंद झाला, हे तिच्या वतीने मुद्दाम कळवतोय. हे तिचे आभार वेगळे धरा.

दादा, तुम्ही आमच्यासाठी स्लॉट संपल्यावरही खोली उघडी ठेवलीत. रात्री उशिरा शटर अर्धं ओढून आमच्या एकाच गाण्याच्या मागे बसलात. कधी हे असं कर म्हणून हुकूम सोडला नाहीत. दर वेळी दोन आवाज ऐकवलेत आणि निवड आमच्यावर सोडलीत. त्यामुळे आज अनोळखी हॉलमध्ये, दहा मिनिटांच्या साऊंडचेकमध्येही काय कापायचं आणि काय ठेवायचं ते आम्हाला आपापलं ठरवता येतं. याचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही, म्हणून फक्त मनापासून धन्यवाद म्हणतो. चौघांकडूनही.

एक नवं गाणं बांधतोय. लय संथ आहे, मिनिटाला 72 ठोके, आणि पाऊण मात्रा 625 मिलिसेकंदांवर जाते. डिले तिथे फार लांब पडतोय असं मला वाटतं, बेसवाल्याला तसं वाटत नाही. शनिवारी संध्याकाळी असाल तर घेऊन येतो.

तुमचा,
बँडमधला गिटारवाला