सात वर्षांच्या रिकाम्या जागेबद्दल काकूंना पत्र

आदरणीय काकूंस,

सा. न. वि. वि.

सात वर्षांच्या खंडानंतर पुन्हा नोकरी लागल्याचे सांगायला मी पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही त्यातला एकच उचललात, डबा परत माझ्या हाती दिलात आणि म्हणालात, की आभारच मानायचे असतील तर तुझ्या सीव्हीतले आपण काय काय खोडले ते लिहून काढ, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. म्हणून हे पत्र बंद पाकिटातून न पाठवता सर्वांसमोर लिहीत आहे.

मागच्या वर्षी गणपती उठल्यावर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या तुमच्या माडीवर मी पहिल्यांदा कागद घेऊन आले, तेव्हा माझ्याजवळ साडेतीन पानांचा सीव्ही होता आणि तेवीस ठिकाणी केलेल्या अर्जांपैकी एकाचेही उत्तर नव्हते. पहिल्या अर्ध्या पानावर वडिलांचे नाव, पतीचे नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती आणि पासपोर्ट आकाराचा फोटो होता. ते पाहून तुम्ही शांतपणे विचारलेत, “हे स्थळ पाहायला पाठवायचे आहे का? मग उंची राहिली.” मला त्या वेळी राग आला होता, हे आज कबूल करते. पण आपल्या घरांत बायोडाटा म्हटले की आधी लग्नाचाच डोळ्यांसमोर येतो आणि नोकरीचा कागदही आपण नकळत त्याच साच्यात भरतो, हे तुमचे निरीक्षण खरे होते. सरकारी भरतीच्या अर्जात जन्मतारीख किंवा प्रवर्ग विचारलेला असेल तर तो तिथल्या रकान्यात भरावा. खासगी कंपनीच्या सीव्हीत नाव, फोन, ईमेल आणि राहण्याचे गाव एवढे पुरते. शेवटी स्थळ, दिनांक व सहीसह असलेले “वरील माहिती खरी आहे” हे प्रतिज्ञावाक्यही तुम्ही लाल शाईने खोडलेत, कारण खोटे लिहिणाराही ते तितक्याच ठामपणे लिहितो. मकरपुऱ्याच्या एका कारखान्याच्या कार्मिक विभागात सत्तावीस वर्षे अर्ज वाचलेल्या तुमच्याशी यावर वाद घालणे शक्य नव्हते.

खरे काम पुढे होते. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी पाच वर्षे एका औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत होते आणि त्या पाच वर्षांबद्दल माझ्या कागदावर “एचपीएलसी विश्लेषणाची जबाबदारी सांभाळली” एवढेच होते (एचपीएलसी म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजण्याचे तंत्र). रसायनशास्त्राशी तुमचा संबंध नव्हता, तरी तुम्ही विचारत गेलात: दिवसाला किती नमुने यायचे, निकाल मर्यादेबाहेर गेला तर कारण कोण शोधायचे, तू नसतीस तर काय अडले असते. शेवटच्या प्रश्नावर मी बराच वेळ गप्प होते. मग आठवले, की नमुने स्वीकारण्याच्या नोंदवहीत मी एक रकाना वाढवला होता, ज्यामुळे स्थिरता चाचणीचे, म्हणजे औषध किती काळ टिकते ते पाहण्याचे, नमुने इतर नमुन्यांच्या ढिगात अडकून पडत नसत आणि अहवाल पाचऐवजी तीन दिवसांत निघू लागला होता. ही गोष्ट लिहिण्यासारखी आहे, असे मला कधी वाटलेच नव्हते. मर्यादेबाहेर गेलेल्या निकालांच्या चौकशा किती केल्या, यावर मी “वीसेक” म्हणाले, तर तुम्ही जुन्या डायऱ्या काढायला लावल्यात. अठरा निघाल्या. कागदावर अठराच गेल्या, कारण मुलाखतीत समोरच्याने त्यातली कोणतीही एक सांगायला लावली तर सांगता आली पाहिजे, असे तुमचे म्हणणे होते. संध्याकाळी सातला सुरू झालेले ते प्रश्न दहापर्यंत चालले आणि मधे काकांनी दोनदा येऊन कांदेपोह्यांची आठवण केली.

मात्र ज्यासाठी मी तुमची सर्वाधिक ऋणी आहे, ती गोष्ट म्हणजे २०१७ ते २०२४ ही रिकामी जागा. मुलीचा जन्म आणि त्यापाठोपाठ सासूबाईंचा अर्धांगवायू यांत ती सात वर्षे गेली होती. ती झाकण्यासाठी मी नोकरीच्या तारखा काढून टाकून फक्त “पाच वर्षांचा अनुभव” असे लिहिले होते, आणि ओळखीच्या एका दुकानदाराकडून अनुभवाचे प्रमाणपत्र आणण्याचा सल्लाही मला मिळाला होता. तुम्ही दोन्ही मार्ग बंद केलेत. तारखा दिसल्या नाहीत की वाचणारा प्रथम त्याच शोधतो, आणि भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकाखाली (नोकरी बदलली तरी तोच राहणारा खाते क्रमांक) माणूस कुठे केव्हा लागला व केव्हा सुटला याची नोंद राहत असल्याने खोटे प्रमाणपत्र पडताळणीत उघडे पडू शकते, हे तुम्ही समजावलेत. मग एक ओळ सांगितलीत: “२०१७ ते २०२४: कौटुंबिक कारणांमुळे विराम, आता पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध.” त्यात ना क्षमायाचना होती, ना सासूबाईंच्या आजाराचे वर्णन.

त्या ओळीखाली काय लिहायचे, हा प्रश्न मात्र तुम्ही माझ्यावर सोपवलात: “तू बाहेर असताना तुझ्या धंद्यात काय बदलले?” मला उत्तर ठाऊक नव्हते. म्हणून मुलगी शाळेत असताना मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, सयाजीराव महाराजांनी १९१० साली सुरू केलेल्या त्या संस्थेत, छापील प्रती घेऊन बसू लागले. औषध नियम १९४५ मधील शेड्युल एम, म्हणजे औषध कारखान्यांनी पाळायच्या उत्पादन-पद्धतींची अनुसूची, डिसेंबर २०२३ मध्ये सुधारली गेली आहे आणि विश्लेषण पद्धतीच्या प्रमाणीकरणावरील आयसीएच या औषधांच्या आंतरराष्ट्रीय मानक-संस्थेच्या क्यू-२ मार्गदर्शक सूचनांची नवी आवृत्ती त्याच वर्षी नोव्हेंबरात आली आहे, हे मला तिथे कळले. दोन्ही वाचून मी टिपणे काढली आणि तेवढेच कागदावर लिहिले.

अर्जासोबतच्या पत्राबद्दल माझा समज असा होता, की ते म्हणजे सीव्हीला लावायचे पाकीट. एकच मजकूर मी सगळीकडे पाठवत असे. त्यातल्या सात पत्रांत तर आधीच्या कंपनीचे नाव तसेच राहिले होते, हे तुम्ही दाखवल्यावर कानाच्या पाळ्या तापल्या. तुम्ही जाहिरात छापून आणायला सांगितलीत, तिच्यातल्या दोन अपेक्षांखाली रेघ मारलीत आणि पत्रात अनुभवाबद्दल फक्त त्या दोहोंविषयी बोलायला लावलेत. पत्रात एवढेच: पद कोणते, कंपनीला हवे त्यातले मी काय केले आहे, विराम का होता व केव्हा रुजू होऊ शकते. “आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास स्वतःला धन्य समजेन” हे माझे लाडके वाक्य गेले. त्याचे मला अजून थोडे वाईट वाटते.

संगणकाची बाजू आपण लवकर उरकली. मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज बहुधा आधी एखादी प्रणाली वाचते आणि दोन रकाने, तक्ते किंवा पानाच्या शीर्षपट्टीत टाकलेला फोन नंबर तिच्या हाती नीट लागेलच असे नसते. तुमच्या भाच्याने दाखवलेली युक्ती सोपी होती: पीडीएफमधला सगळा मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. माझ्या सुबक मांडणीतून शिक्षण आणि अनुभव एकमेकांत कालवून बाहेर पडले. फाइलचे नावही “सीव्ही नवा फायनल ३” असे होते. ते बदलून माझे नाव आणि पदाचे नाव केले.

त्यानंतर सहाच अर्ज केले आणि तीन ठिकाणांहून बोलावणे आले. पादरा गावाकडच्या ज्या कंपनीत मी जूनपासून जाते, तिथे मुलाखतीत विरामाबद्दल एकच प्रश्न आला आणि नोंदवहीच्या त्या रकान्याबद्दल पाच. लाल शाईची पाने मी जपून ठेवली आहेत. येत्या रविवारी समोरच्या वाड्यातला डिप्लोमा झालेला मुलगा आपला सीव्ही घेऊन येणार आहे; जाहिरातही छापून आण, असे त्याला सांगितले आहे. एचपीएलसीपलीकडचे काही निघाले तर त्याला घेऊन तुमच्या माडीवर येईन.

काकांना नमस्कार.

तुमची नम्र,
मागच्या गल्लीतली, पुन्हा प्रयोगशाळेत गेलेली