आईबाबांना, मलावीतल्या डेड्झाहून

आई, बाबा,

परवा फोन रेंज गेली म्हणून कट झाला, मी रागाने ठेवला नाही. तब्येत ठणठणीत आहे. आणि आई, आफ्रिका म्हणजे नुसतं ऊन नि सिंह नाही गं, डेड्झा डोंगरावर आहे, जुलैत इतकी थंडी की झोपतानाही स्वेटर लागतो. मच्छरदाणी रोज लावते. तूरडाळ-हळद राजधानीत, लिलाँग्वेला, गुजराती दुकानात मिळते. फोटोत बारीक दिसते, तेवढंच.

तू म्हणालीस बचत गटच करायचे तर बार्शीत काय कमी होते. अगं पण इथलं वेगळंच आहे. आपले पैसे बँकेत जातात, इथे बँक लांब आणि तिकडे जायचं भाडंच बचतीएवढं, म्हणून लोखंडी पेटी. तिला तीन कुलपं, तीन चाव्या तीन बायकांच्या घरी आणि पेटी चौथीच्या घरी! सगळ्याजणी जमल्याशिवाय उघडतच नाही. दर मीटिंगला एक ते पाच शेअर, म्हणजे बचतीचे ठरलेले हिस्से, घ्यायचे, शेअरमागे पासबुकात एक शिक्का, म्हणजे वाचता न येणारीलाही आपले किती झाले ते कळतं. पेटीत किती उरले ते मोठ्याने सांगतात आणि सगळ्यांनी पाठ करायचं, पुढच्या वेळी विचारतात, विसरलं की दंड. फोन वाजला तरी दंड, मी पण भरलाय. आणि गटाचं वर्ष संपलं की सगळे पैसे व्याजासकट वाटून पेटी रिकामी! मला आधी वेडेपणाच वाटला. पण नोव्हेंबरात पाऊस येतो, मक्याच्या खताला नेमके तेव्हाच पैसे लागतात. 1991 ला नायजरमध्ये केअर संस्थेने हे चालू केलं, आता कितीतरी देशांत आहे. चोरीचं विचारू नकोस, बहुतेक पैसे गटातल्याच बायकांनी कर्जाऊ नेलेले असतात, पेटीत चोराला काय मिळणार.

बाबा, 'परक्या बायकांना उभं करतेस' हे लागलं मला. आमच्या एका गटातल्या बाईचा नवरा गेला तर सासरच्यांनी मक्याची पोतीसुद्धा उचलून नेली. इथल्या 2011 च्या कायद्याने हा गुन्हा आहे, पण तक्रारीला जायचं भाडं तिला गटाच्या मदत फंडातून मिळालं. काकूच्या वेळी आपण काय केलं होतं? जाऊ दे.

पैसे सोमवारी टाकलेत, सोसायटीचा हप्ता आधी भरा, स्लॅबचं नंतर. कमी आहेत माहितेय, पुढच्या महिन्यात जास्त टाकते. ते बारामतीचं स्थळ, त्यांना ताटकळत ठेवू नका, मी डिसेंबरनंतरच बोलेन, आणि नोकरी सोडायची अट असेल तर आत्ताच नाही सांगा. दादाचा मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर लगेच काढला म्हणे, नेमकं तेव्हाच इथे वाटप आहे. सुट्टी मागितलीये, हळदीला नाही जमलं तरी लग्नाला पोचतेच. वहिनीच्या शालूचे पैसे माझ्याकडून, दादाला सांगू नका.

तुमची,
छकुली