मायनर का घेतलं, त्याचं उत्तर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा परीक्षा चालू होती, म्हणून उत्तराला उशीर झाला. शिवाय तुझा प्रश्न दोन ओळींत उरकण्यासारखा नव्हता. स्टॅटिस्टिक्स मेजर (मुख्य विषय) असताना पेशीविज्ञान आणि रेण्वीय जीवशास्त्र मायनर (जोडविषय) म्हणून का घेतलंस, कॉम्प्युटर घेतलं असतंस तर सोपं गेलं नसतं का, असं विचारलं आहेस. हे मला बऱ्याच जणांनी विचारलं आणि मी दर वेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तुला खरं सांगतो, कारण आता तुलाही निवड करायची आहे.

पहिल्या वर्षी जनुकशास्त्राचा एक सुटा पेपर घेतला होता. त्यात लुरिया आणि डेलब्रुक या दोन शास्त्रज्ञांचा १९४३ सालचा प्रयोग आला आणि तिथेच माझा निर्णय झाला. त्यांचा प्रश्न असा होता. जिवाणूंच्या गर्दीवर त्यांना मारणारा विषाणू सोडला, तर जवळपास सगळे मरतात, पण मोजके तगतात. या तगणाऱ्यांमध्ये प्रतिकारशक्ती येते कधी? विषाणूशी गाठ पडल्यावर, की आधीच, वाढत असताना योगायोगाने कुणाकुणात ती आलेली असते? पेशीत डोकावून बघायची सोय नव्हती. डीएनएची रचना उलगडायला अजून दहा वर्षं होती. मग त्यांनी थोडेथोडे जिवाणू घालून बऱ्याच वेगवेगळ्या नळ्या वाढवल्या, प्रत्येक नळीतले जिवाणू विषाणू लावलेल्या थाळीवर पसरले आणि तगलेल्या वसाहती, म्हणजे तगलेल्या एकेका जिवाणूपासून वाढलेले ठिपके, मोजल्या.

आता बघ. विषाणूमुळे प्रतिकार येत असेल, तर सगळ्या थाळ्यांवर आकडे साधारण एकसारखे यायला हवेत: योगायोगाने क्वचित घडणाऱ्या गोष्टी मोजल्या की दिसतं ते प्वासाँचं वितरण, ज्यात व्हेरिअन्स (आकडे किती पसरलेत त्याचं माप) सरासरीइतका असतो. पण बदल आधीच होत असेल, तर सगळं वेळेवर अवलंबून. एखाद्या नळीत तो लवकर झाला, की त्या एका पेशीची संतती शेवटी भरपूर असणार. उशिरा झाला तर एकदोन. झालाच नाही तर शून्य. त्यांच्या एका प्रयोगात २० नळ्या होत्या. ११ थाळ्या कोऱ्या निघाल्या. बाकी कुठे १, कुठे ५, कुठे ६, आणि एकीवर ६४, एकीवर चक्क १०७! सरासरी अकराच्या जराशी वर, व्हेरिअन्स मात्र ७०० च्या आसपास. एकाच नळीतून अनेक नमुने घेऊन मोजले, तेव्हा व्हेरिअन्स सरासरीच्या जवळच आला, म्हणजे हा मोजणीतला घोळ नव्हता. बदल आधीच झालेले होते.

मला खरी भुरळ घातली ती कोऱ्या थाळ्यांनी. २० पैकी ११ कोऱ्या, म्हणजे शून्याची संभाव्यता ०.५५. प्वासाँच्या सूत्रात घाल, की दर नळीमागे सरासरी ०.६ उत्परिवर्तनं (जनुकातले असे बदल) निघतात. जिथे काहीच उगवलं नाही, त्या थाळ्यांनी उत्परिवर्तनाचा वेग सांगितला! त्या रात्री हा हिशेब मी वहीत तीनदा केला. तोवर व्हेरिअन्स म्हणजे सरासरीभोवतीचा नकोसा पसारा, अशी माझी समजूत होती. इथे सगळं उत्तर त्या पसाऱ्यात होतं.

पुढे १९५२ मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी तेच वेगळ्या रीतीने दाखवलं. मखमलीच्या कापडाने एका थाळीवरच्या वसाहतींचा ठसा विषाणू लावलेल्या दुसऱ्या थाळ्यांवर उमटवायचा आणि तगणारे प्रत्येकीवर त्याच जागी सापडतात का ते बघायचं, एवढी साधी युक्ती. आज प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंबद्दल वाचतो तेव्हा हे दोन्ही प्रयोग आठवतात. औषध तो बदल घडवत नाही, आधीच बदललेल्यांना मोकळं रान देतं. हे नीट कळायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

तू भौतिकशास्त्राचा, म्हणून मुद्दाम सांगतो: डेलब्रुक मूळचा सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. वेंकी रामकृष्णन यांनीही पीएचडी भौतिकशास्त्रात केली, मग नव्याने विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकले, आणि रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) रचनेसाठी २००९ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. तुला यातलं काय आवडेल तेही मला ठाऊक आहे. तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) आतल्या पटलाच्या दोन बाजूंना प्रोटॉनच्या प्रमाणात फरक असतो. त्या उतारावरून प्रोटॉन आत येताना एटीपी सिंथेज नावाचं प्रथिन फिरवतात, आणि एका फेऱ्यात एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या रेणूचे, तीन रेणू तयार होतात. प्रोटॉनच्या उताराची कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली, तेव्हा फारसं कुणाला ती पटली नव्हती. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी या यंत्राच्या आसाला चमकणारा तंतू जोडला आणि तो गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तुझ्या-माझ्या शरीरात आत्ता हेच चाललं आहे.

प्रॅक्टिकलबद्दल लिहायलाच हवं. स्टॅटिस्टिक्सच्या तासाला आकडे फाइलमध्ये तयार मिळतात. ते कुणाच्या तरी हातून आलेले असतात, हे मला पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची रीत) करताना कळलं. ३० फेऱ्यांत डीएनएचा एक तुकडा जवळपास १०० कोटी पटींनी वाढतो. म्हणून सोबत एक नळी फक्त पाण्याची ठेवायची, तिच्यात काही दिसता कामा नये. डीएनए पट्ट्यांच्या रूपात दाखवणारं जेल दिव्याखाली धरलं तर माझ्या पाण्याच्या घरात स्वच्छ, ठळक पट्टा. पिपेटचं टोक बदलायला मी कुठेतरी विसरलो होतो, किंवा हातमोजा कशाला तरी लागला होता. बाकीचे पट्टे अगदी हवे तसे आले होते, पण त्यांच्यावर आता विश्वास ठेवता येईना. तीन दुपारचं काम गेलं. मॅडम रागावल्या नाहीत. वहीत ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं लिहून खाली तारीख घालायला सांगितली. ते वाक्य लिहिताना फार वाईट वाटलं. पण तेव्हापासून कुठलाही तक्ता हातात आला, की मी आधी पाण्याची नळी शोधतो.

आता अडचणी. रसायनशास्त्राचा पाया कच्चा असेल तर पहिलं सत्र जड जातं. मला रासायनिक बंध आणि पीएच पुन्हा मुळापासून करावे लागले. नावं पाठ करायची ती करावीच लागतात. आणि नुसत्या मायनरवर प्रयोगशाळेत संशोधक म्हणून उभं राहता येईल, असं समजू नकोस. त्याला पुढचं शिक्षण लागतं. कोणते पेपर आधी झालेले असावे लागतात ते घेण्यापूर्वी विचारून घे, नाहीतर तिसऱ्या वर्षी गाठ बसते. आणि फक्त थिअरीचे पेपर घेऊन क्रेडिट भरता येत असले, तरी एक तरी प्रयोगशाळेचा पेपर घेच. तो टाळायचा असेल, तर मी म्हणेन दुसरं मायनर बघ.

तुझं पुढच्या सत्राचं वेळापत्रक पाठव. प्रॅक्टिकल बहुधा दुपारी सलग तीन-चार तास असतं, तुमच्या भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलवर आदळतंय का ते मिळून बघू. त्या २० आकड्यांचा हिशेब मी वेगळ्या कागदावर करून सोबत जोडला आहे. ०.६ कसं आलं ते आधी स्वतः काढून बघ, मग कागद उघड.

घरच्यांना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र

ता. क. सोमवारी तो पीसीआर पुन्हा लावतोय. या वेळी पाण्याच्या दोन नळ्या ठेवणार आहे.